अभिजात मसल कारच्या जाहिरातीतील अस्सलता

अभिजात मसल कारच्या जाहिरातीतील अस्सलता हा जुन्या अमेरिकन मोटारगाड्यांच्या व्यापारातील एक महत्त्वाचा आणि वादग्रस्त विषय आहे. १९६० व १९७० च्या दशकांतील शक्तिशाली मोटारी जीर्णोद्धारानंतर विक्रीस काढल्या जातात, तेव्हा त्यांचे मूळ, त्यांतील सुटे भाग व त्यांच्यावर झालेले काम यांविषयी जाहिरातीत केलेली विधाने वस्तुस्थितीशी कितपत जुळतात, याचा विचार या विषयात केला जातो. कारखान्यातून त्याच रूपात बाहेर पडलेली दुर्मीळ गाडी आणि साध्या गाडीला नंतर तसे रूप देऊन तयार केलेली गाडी यांच्या किमतींत अनेक पटींचा फरक असतो. हा फरक डोळ्यांना सहसा दिसत नाही. त्यामुळे खरेदीदाराला जाहिरातीतील शब्दांवर, गाडीवरील क्रमांकांवर आणि सोबतच्या कागदपत्रांवर विसंबून राहावे लागते.

पार्श्वभूमी

मध्यम आकाराच्या, दोन दरवाजांच्या, तुलनेने स्वस्त गाडीत मोठे व्ही-८ इंजिन बसवून तयार केलेल्या अमेरिकन मोटारीस मसल कार असे म्हणतात. १९६४ ची पाँटिअॅक जीटीओ ही या प्रकारची पहिली गाडी मानण्याचा प्रघात आहे. जनरल मोटर्सच्या अंतर्गत नियमानुसार त्या काळी मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन देता येत नसे. पाँटिअॅकच्या अभियंत्यांनी जीटीओ ही स्वतंत्र गाडी म्हणून न आणता टेंपेस्ट लमाँ या गाडीवरील जादा पैसे देऊन घ्यावयाचा संच म्हणून आणली आणि त्यात ३८९ घनइंचांचे इंजिन बसवले. पहिल्याच वर्षी ३२,४५० जीटीओ विकल्या गेल्या. त्यानंतर शेव्हरोले, डॉज, प्लिमथ, फोर्ड आदी उत्पादकांनी याच वाटेने आपापल्या गाड्या बाजारात आणल्या.

१९७० च्या सुमारास विम्याचे हप्ते वाढले, धुराविषयीचे नियम कडक झाले आणि १९७३ मध्ये तेलसंकट उद्भवले. मसल कारची मागणी ओसरली व त्या सामान्य जुन्या गाड्यांप्रमाणे कमी किमतीत विकल्या जाऊ लागल्या. अनेक गाड्या शर्यतींत वापरल्या गेल्या, अनेकांची इंजिने फुटली किंवा बदलली गेली. थंड प्रदेशांत रस्त्यावर टाकल्या जाणाऱ्या मिठामुळे कित्येकांचे पत्रे गंजले. भविष्यात या गाड्यांना संग्राह्य वस्तूचे मोल येईल अशी कल्पना नसल्यामुळे त्यांचे कागद जपून ठेवण्याचे कारणही कोणाला वाटले नाही.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात किमती वाढू लागल्या. ज्या पिढीने तारुण्यात या गाड्या पाहिल्या होत्या, तिच्या हाती आता पैसा आला होता. बॅरेट-जॅक्सन व मेकम या कंपन्यांचे लिलाव दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोहोचले. २०१४ मध्ये मेकमच्या सिएटल येथील लिलावात १९७१ ची हेमी इंजिनाची प्लिमथ कुडा कन्व्हर्टिबल ३५ लाख डॉलरला विकली गेली. किमती अशा पातळीवर पोहोचल्यावर अस्सलता हा हौसेपुरता विषय न राहता मोठ्या आर्थिक व्यवहाराचा पाया बनला.

अस्सलतेचा प्रश्न का उद्भवतो

या प्रश्नाचे मूळ मसल कारच्या जन्मातच आहे. तिची बॉडी, दरवाजे, काचा व बहुतेक यंत्रभाग साध्या कौटुंबिक गाडीचेच असत. शेव्हरोले शेव्हेल मालिबू आणि शेव्हेल एसएस ४५४ यांची बॉडी एकच आहे. जादा पैशांच्या संचात मिळणारे इंजिन, सस्पेन्शन, गिअरबॉक्स, चिन्हे व पट्टे हाच त्यांच्यातील फरक होता. कारखान्याने जे भाग बसवले, तेच भाग पुढे कोणीही बसवू शकतो. आज त्या भागांच्या प्रतिकृती सहज मिळतात. १९६९ च्या कॅमॅरोची तर संपूर्ण नवी बॉडी परवान्याने तयार करून विकली जाते.

जीर्णोद्धारामुळे ही अडचण आणखी वाढते. सर्वांगीण जीर्णोद्धारात गाडीचा प्रत्येक भाग सुटा केला जातो, जुना रंग खरवडून पत्रा उघडा केला जातो, गंजलेला पत्रा कापून नवा जोडला जातो आणि यंत्रभाग नव्याने घडवले जातात. या कामात कारखान्यातील मूळ रंग, कामगारांनी खडूने केलेल्या खुणा, जुने वेल्डिंग व कागदी चिठ्ठ्या नष्ट होऊ शकतात. म्हणजे गाडी जितकी देखणी होते, तितके तिच्या पूर्वेतिहासाचे पुरावे पुसट होत जातात. उत्तम जीर्णोद्धार केलेली अस्सल गाडी आणि तितक्याच कौशल्याने केलेली नक्कल शेजारी उभ्या केल्या, तर सामान्य ग्राहकाला त्यांतील भेद सांगता येत नाही.

जाहिरातीतील परिभाषा

विक्रीच्या जाहिरातींत काही शब्द वारंवार आढळतात. त्यांपैकी बहुतेकांची कायद्याने ठरवलेली व्याख्या नाही. त्यामुळे एकच शब्द दोन विक्रेते वेगवेगळ्या अर्थाने वापरू शकतात.

नंबर्स मॅचिंग: या शब्दाचा काटेकोर अर्थ असा की, गाडीचे इंजिन व गिअरबॉक्स कारखान्यात त्याच गाडीत बसवलेले असून त्यांच्यावरील क्रमांक गाडीच्या ओळख क्रमांकाशी जुळतात. सैल अर्थाने मात्र त्याच प्रकारचे व त्याच सुमारास ओतलेले दुसरे इंजिन असले, तरी हा शब्द वापरला जातो.

डेट कोड करेक्ट: भाग त्या गाडीचा मूळ नाही, परंतु त्यावरील ओतकामाची तारीख गाडीच्या जुळणीच्या तारखेशी सुसंगत आहे. हे वर्णन प्रामाणिक असू शकते, मात्र ते नंबर्स मॅचिंगच्या बरोबरीचे नाही.

क्लोन, ट्रिब्यूट व रिक्रिएशन: साध्या गाडीला दुर्मीळ गाडीचे रूप दिले असल्यास हे शब्द वापरतात. क्लोन हा शब्द उघड कबुलीचा आहे. ट्रिब्यूट हा शब्द तेच सांगतो, पण सौम्यपणे.

सर्व्हायव्हर: जीर्णोद्धार न झालेली, बहुतांश मूळ रंग, मूळ अंतर्भाग व मूळ यंत्रभाग टिकून असलेली गाडी. नव्याने रंगवलेल्या गाडीस हा शब्द लावणे संग्राहकांना मान्य नाही.

एनओएस: त्या काळी कारखान्याने सुटा भाग म्हणून तयार केलेला आणि आजवर न वापरलेला भाग. प्रतिकृती म्हणून आज तयार होणारा भाग यात मोडत नाही.

रोटिसरी जीर्णोद्धार: गाडीची बॉडी फिरत्या चौकटीवर चढवून खालच्या बाजूसह केलेले संपूर्ण काम. हा शब्द कामाची पद्धत सांगतो. मूळ गाडी कोणती होती, याविषयी तो काहीच सांगत नाही.

रेस्टोमॉड: बाह्यरूप जुने ठेवून इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन आदी आधुनिक बसवलेली गाडी. येथे अस्सलतेचा दावाच नसल्यामुळे फसवणुकीस वाव कमी असतो.

ओळखीच्या खुणा

प्रत्येक गाडीला कारखान्यात वाहन ओळख क्रमांक दिला जात असे. सर्व उत्पादकांसाठी समान असा १७ अक्षरांचा क्रमांक अमेरिकेत १९८१ पासून लागू झाला. त्यापूर्वी प्रत्येक कंपनीची पद्धत निराळी होती. एकाच क्रमांकातून एका कंपनीच्या गाडीविषयी पुष्कळ कळते, तर दुसरीच्या गाडीविषयी जवळजवळ काहीच कळत नाही.

क्रायस्लर कंपनीच्या डॉज व प्लिमथ गाड्यांच्या क्रमांकातील पाचवे अक्षर इंजिनाचे असते. १९६९ च्या डॉज चार्जरचा क्रमांक एक्सएस२९जे९ असा सुरू होत असेल, तर एक्स म्हणजे चार्जर, एस म्हणजे आर/टी श्रेणी, २९ म्हणजे बॉडीचा प्रकार, जे म्हणजे ४२६ घनइंचांचे हेमी इंजिन आणि ९ म्हणजे १९६९ हे वर्ष. १९७० व १९७१ मध्ये हेमीसाठी आर हे अक्षर वापरले गेले. एक्सपी२९ ने सुरू होणारी चार्जर आर/टी म्हणून जाहीर केली असेल, तर ती कारखान्यातील आर/टी नव्हे, हे केवळ क्रमांकावरून सिद्ध होते.

फोर्डच्या मस्टँगमध्येही पाचवे अक्षर इंजिनाचे आहे. १९६८ च्या मस्टँगमध्ये एस म्हणजे ३९० घनइंचांचे इंजिन. १९६९ व १९७० च्या बॉस ४२९ साठी झेड आणि बॉस ३०२ साठी जी ही अक्षरे आहेत.

जनरल मोटर्सच्या गाड्यांत स्थिती अधिक अवघड आहे. १९६६ ते १९७१ या काळातील जीटीओचा क्रमांक २४२ ने सुरू होतो, त्यामुळे ती ओळखता येते. १९६४ व १९६५ मध्ये मात्र जीटीओ हा केवळ संच असल्यामुळे क्रमांकात तिचा उल्लेख नाही. १९६६ ते १९६८ च्या शेव्हेल एसएस ३९६ चा क्रमांक १३८ ने सुरू होतो, तर १९६९ पासून एसएस हा संच झाल्यामुळे ती खूण नाहीशी झाली. म्हणूनच १९७० ची ४५० अश्वशक्तीची एलएस६ शेव्हेल, जी या वर्गातील अत्यंत मागणी असलेली गाडी आहे, ती केवळ ओळख क्रमांकावरून सिद्ध करता येत नाही. १९६९ च्या कॅमॅरोत १२४३७ म्हणजे व्ही-८ इंजिनाची व १२३३७ म्हणजे सहा सिलिंडरची कूपे, एवढेच कळते. सहा सिलिंडरचा क्रमांक असलेली झेड/२८ कॅमॅरो निश्चितपणे नक्कल होय. व्ही-८ चा क्रमांक असलेली गाडी अस्सल असू शकते किंवा नसूही शकते.

१९६८ पासून जनरल मोटर्स व क्रायस्लर यांच्या इंजिनांवर आणि गिअरबॉक्सवर वाहन क्रमांकाचा काही भाग ठोकलेला असतो. शेव्हरोलेच्या इंजिनावर त्याशिवाय जुळणीचा कारखाना, दिनांक आणि प्रकार सांगणारा संकेत असतो. उदाहरणार्थ, व्ही०१०१डीझेड या संकेतात व्ही म्हणजे फ्लिंट येथील कारखाना, ०१०१ म्हणजे १ जानेवारी आणि डीझेड म्हणजे १९६९ च्या झेड/२८ चे ३०२ घनइंचांचे इंजिन. इंजिनाच्या ओतीव ठोकळ्यावर ओतकामाची तारीखही असते. त्यात ए ते एल ही अक्षरे जानेवारी ते डिसेंबर हे महिने दाखवतात. सी१४९ म्हणजे १४ मार्च १९६९. इंजिन आधी ओतले जाते, मग जुळवले जाते आणि त्यानंतर गाडीत बसते. त्यामुळे या तिन्ही तारखा त्याच क्रमाने यायला हव्यात. गाडीच्या जुळणीनंतर ओतलेले इंजिन त्या गाडीचे मूळ इंजिन असूच शकत नाही.

१९६६ च्या शेव्हेलसारख्या त्याआधीच्या गाड्यांच्या इंजिनावर सामान्यतः वाहन क्रमांक नसतो, केवळ संकेत व तारखा असतात. अशा गाडीबाबत नंबर्स मॅचिंग या दाव्याचा अर्थ तारखा व संकेत सुसंगत आहेत एवढाच होऊ शकतो.

दर्शनी पट्टीखेरीज बॉडीवर अन्यत्रही क्रमांकाचा भाग ठोकलेला असतो. १९६८ व १९६९ च्या कॅमॅरोत तो हीटरच्या खोक्यामागे असलेल्या पत्र्यावर सापडतो. क्रायस्लरच्या गाड्यांत तो रेडिएटरच्या आधारपट्टीवर, तर मस्टँगमध्ये पुढील मडगार्डच्या आतील पत्र्यावर असतो. हे लपलेले क्रमांक व दर्शनी क्रमांक न जुळणे ही गंभीर बाब समजली जाते.

कागदपत्रे

क्रमांकातून जे कळत नाही, ते कागदांतून सिद्ध करावे लागते. कारखान्यात जुळणी करताना कामगारांसाठी छापलेला तपशीलपत्रक, ज्यास बिल्डशीट म्हणतात, तो आसनांच्या स्प्रिंगमध्ये, गालिच्याखाली किंवा इंधनटाकीच्या वर अडकलेला कधीकधी सापडतो. खिडकीवरील किमतीचा कागद, विक्रेत्याचे मूळ बिल व वॉरंटीचे पुस्तक हेही महत्त्वाचे पुरावे आहेत.

उत्पादकांच्या नोंदी सर्वत्र सारख्या टिकलेल्या नाहीत. फोर्डच्या १९६७ पासूनच्या उत्पादननोंदींवरून केव्हिन मार्टी यांची संस्था विशिष्ट गाडीचा अहवाल देते. संग्राहकांत तो मार्टी रिपोर्ट या नावाने ओळखला जातो. पाँटिअॅकच्या गाड्यांसाठी पाँटिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस ही संस्था कारखान्याच्या बिलाची प्रत पुरवते. कॅनडात विकल्या गेलेल्या जनरल मोटर्सच्या गाड्यांच्या नोंदीही मिळू शकतात. अमेरिकेत विकल्या गेलेल्या बहुतेक शेव्हरोले गाड्यांबाबत मात्र अशी सोय नाही. परिणामी ज्या शेव्हेल व कॅमॅरो यांच्या नकला करणे सर्वांत सोपे आहे, त्यांचाच पुरावा मिळवणे सर्वांत कठीण आहे.

दिशाभूलीचे प्रकार

जाहिरातीतील असत्य नेहमीच उघड खोट्याच्या रूपात नसते. त्याचे प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

क्रमांक पुन्हा ठोकणे: दुसऱ्या इंजिनावरील मूळ क्रमांक घासून काढून त्या जागी गाडीशी जुळणारा क्रमांक ठोकला जातो. कारखान्यात ती पृष्ठभागपट्टी यंत्राने कापताना समांतर बारीक रेघा उमटत. त्या रेघा नाहीशा झाल्या असतील, अक्षरांचा आकार वेगळा असेल किंवा ओतकामाची तारीख विसंगत असेल, तर संशयास जागा असते. तथापि इंजिनाच्या साध्या दुरुस्तीतही ही पट्टी घासली जाऊ शकते. त्यामुळे केवळ रेघांच्या अभावावरून फसवणूक सिद्ध होत नाही.

बॉडी बदलणे: गंजून संपलेल्या दुर्मीळ गाडीची ओळखपट्टी काढून ती धडधाकट साध्या गाडीवर लावली जाते. कारखान्यात ही पट्टी पाकळ्यांच्या आकाराचे डोके असलेल्या विशिष्ट रिव्हेटने बसवलेली असे. पट्टीची छेडछाड ओळखण्यासाठी हे रिव्हेट प्रथम पाहिले जातात.

बनावट कागद व बिल्ले: जुन्या कागदाप्रमाणे दिसणारे बिल्डशीट आणि कारखान्याच्या माहितीपट्ट्यांच्या प्रतिकृती तयार करता येतात. प्रतिकृती लावली असल्यास तसे जाहिरातीत सांगणे अपेक्षित असते.

मैलांचा आकडा: त्या काळातील बहुतेक अंतरमापकांत पाचच पूर्ण आकडे असत. ९९,९९९ मैलांनंतर मापक पुन्हा शून्यावर येई. त्यामुळे मापकावरील ४३,००० हा आकडा ४३,००० मैलांचा असू शकतो आणि १,४३,००० मैलांचाही. अमेरिकेच्या संघीय नियमांनुसार इतक्या जुन्या गाडीच्या हस्तांतरणात अंतराचे अधिकृत प्रमाणन आवश्यक नसते. मापकावर ४३,००० दिसतात आणि गाडी ४३,००० मैल चालली आहे, ही दोन विधाने भिन्न आहेत. दुसऱ्यासाठी जुन्या बिलांचा पुरावा लागतो.

अश्वशक्तीचा आकडा: १९७१ पर्यंतच्या गाड्यांची जाहीर केलेली शक्ती ही एग्झॉस्ट, एअर फिल्टर इत्यादी न लावता, सुट्या इंजिनावर मोजलेली एकूण शक्ती असे. १९७२ पासून प्रत्यक्ष गाडीतील जोडण्यांसह मोजलेली निव्वळ शक्ती जाहीर होऊ लागली. हेमीची ४२५ अश्वशक्ती हा पहिल्या पद्धतीचा आकडा आहे. आजच्या गाडीच्या आकड्याशी त्याची सरळ तुलना केल्यास वाचकाची दिशाभूल होते. शिवाय विक्रीस असलेल्या विशिष्ट इंजिनाची मोजणी झाली आहे, असाही त्यावरून बोध होत नाही.

मौन: सर्वांत सामान्य आणि पकडण्यास सर्वांत कठीण प्रकार हाच आहे. जाहिरातीत एसएस ३९६ अशी चिन्हे, आसने, चाके व इंजिन यांचे सविस्तर वर्णन असते. गाडी कारखान्यातूनच एसएस होती, असे वाक्य मात्र कोठेही नसते. वाचक ते गृहीत धरतो. छायाचित्रांतून खालची बाजू, पत्र्यांचे सांधे किंवा इंजिनावरील क्रमांक वगळणे हाही मौनाचाच भाग होय.

मौनाचा परिणाम पुढील व्यवहारांत वाढत जातो. पहिला मालक गाडी क्लोन म्हणून प्रामाणिकपणे विकतो. दुसऱ्याच्या जाहिरातीत क्लोन हा शब्द गळतो. तिसरा ती अस्सल समजून अस्सलाच्या किमतीत घेतो आणि पुढे सद्भावनेने तसेच सांगतो. अखेरच्या खरेदीदाराचे नुकसान होते, तेव्हा त्याला ज्याने प्रत्यक्ष विकले त्याने जाणूनबुजून खोटे बोललेले नसते. म्हणूनच सचोटीचे विक्रेते बदलांची नोंद तोंडी न सांगता गाडीसोबत जाणाऱ्या कागदांत लिहून ठेवतात.

एक उदाहरण: बुलिट चित्रपटातील मस्टँग

अस्सलता क्रमांक व कागद यांतून कशी सिद्ध होते, याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९६८ च्या बुलिट या चित्रपटातील हिरव्या रंगाच्या दोन मस्टँग जीटी ३९० गाड्या. अभिनेता स्टीव्ह मॅक्वीन याने चालवलेली गाडी १९७४ मध्ये एका नियतकालिकातील विक्रीच्या जाहिरातीवरून ६,००० डॉलरला विकली गेली. खरेदी करणाऱ्या कुटुंबाने ती काही वर्षे रोजच्या वापरात ठेवली. मॅक्वीनने १९७७ मध्ये पत्र लिहून ती परत विकत मागितली, पण कुटुंबाने ती दिली नाही. २०१८ मध्ये ती जगासमोर आली आणि जानेवारी २०२० मध्ये मेकमच्या किसिमी येथील लिलावात शुल्कासह ३७ लाख ४० हजार डॉलरला विकली गेली. तिचा जीर्णोद्धार केलेला नव्हता. रंग उडालेला, पत्रा गंजलेला अशा अवस्थेतच ती उभी होती. चित्रीकरणासाठी केलेल्या फेरफारांच्या खुणा त्याच पत्र्यावर असल्यामुळे जुनेपण हाच तिचा पुरावा ठरला. मॅक्वीनच्या पत्रासह जपलेली कागदपत्रे त्याला जोड म्हणून होती.

धाडसी दृश्यांसाठी वापरलेली दुसरी गाडी मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्निया येथे मोडीत पडलेली सापडली. तिला दुसऱ्या एका चित्रपटातील मस्टँगचे रूप देण्याचे काम सुरू होणार होते. त्याआधी तिचा ओळख क्रमांक तपासला गेला आणि २०१७ मध्ये मार्टी यांनी तिची ओळख निश्चित केली. क्रमांकाची वेळीच चौकशी झाली नसती, तर एक ऐतिहासिक गाडी दुसऱ्या गाडीची नक्कल बनवण्यात खर्ची पडली असती.

अमेरिकेतील कायदा

लुईझियाना वगळता अमेरिकेतील सर्व राज्यांनी वस्तुविक्रीविषयीची एकरूप वाणिज्य संहितेतील कलमे स्वीकारली आहेत. त्यांतील कलम २-३१३ नुसार वस्तूचे जे वर्णन व्यवहाराच्या आधाराचा भाग बनते, ते विक्रेत्याने दिलेली स्पष्ट हमी ठरते. त्यासाठी हमी हा शब्द वापरण्याची आवश्यकता नसते. अशी सुंदर गाडी पुन्हा मिळणार नाही, हे विधान मत किंवा प्रशंसा समजले जाते. कारखान्यातील मूळ इंजिन, हे विधान मात्र पडताळता येणारे तथ्य असल्यामुळे ते हमी ठरू शकते.

जाहिरातीच्या शेवटी अनेकदा गाडी आहे त्या स्थितीत विकली जात असल्याचे लिहिलेले असते. कलम २-३१६ नुसार या शब्दांनी गर्भित हम्या वगळता येतात. परंतु विक्रेत्याने स्वतः दिलेल्या स्पष्ट हमीशी विसंगत ठरणारा असा नकार प्रभावी ठरत नाही. व्यवहारात प्रश्न पुराव्याचा असतो. लेखी करारात वर्णनाचा उल्लेख नसेल, तर तोंडी बोलणे सिद्ध करणे अवघड जाते. लिलावात मांडलेल्या गाडीचे वर्णन सामान्यतः मालकाने पुरवलेले असते आणि लिलाव कंपनी आपल्या अटींत त्याची जबाबदारी मर्यादित करते.

व्यापारी विक्रेत्यांच्या फसव्या वर्तनास संघीय व्यापार आयोग कायद्याचे कलम ५ लागू होते. त्यात १९३८ च्या दुरुस्तीने फसव्या कृतींचा स्पष्ट समावेश झाला. राज्यांचे ग्राहक संरक्षण कायदेही आहेत. वाहनाचा ओळख क्रमांक जाणूनबुजून काढणे किंवा बदलणे हा १९८४ च्या कायद्यापासून संघीय गुन्हा असून त्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. पट्टीत छेडछाड झालेली गाडी पोलिसांनी जप्त केली, तर सद्भावनेने पैसे मोजलेल्या खरेदीदारालाही ती गमवावी लागू शकते.

प्रामाणिक जाहिरातीचे स्वरूप

जाणकार संग्राहकांच्या मते प्रामाणिक जाहिरातीत पुढील प्रश्नांची उत्तरे असावीत: कारखान्यातून निघताना गाडी काय होती, आज तिच्यात कोणते भाग मूळ, कोणते त्या काळातील व कोणते प्रतिकृती आहेत, जीर्णोद्धार केव्हा झाला व त्यात कोणता पत्रा बदलला, कोणता दावा कागदाने सिद्ध होतो आणि कोणता केवळ आधीच्या मालकाच्या सांगण्यावर आधारलेला आहे.

नमुन्यादाखल एका काल्पनिक गाडीचे वर्णन असे होऊ शकते: १९६९ ची कॅमॅरो, क्रमांक १२३३७ ने सुरू, म्हणजे मूळ सहा सिलिंडरची; आता झेड/२८ प्रमाणे सजवलेली; इंजिन नंतरच्या काळातील ३५० घनइंचांचे; दोन्ही मागील बाजूंचे पत्रे व डिकीचा तळ प्रतिकृतीचे; मापकावर ६१,००० मैल, प्रत्यक्ष अंतराचा पुरावा नाही; मूळ बिल उपलब्ध नाही. अशा वर्णनाने किंमत कमी मिळते, परंतु खरेदीदाराला जे हवे आहे तेच तो घेतो आणि पुढे वाद उद्भवत नाही. गाडी चालवण्याचा आनंद घेऊ इच्छिणाऱ्यांत चांगल्या क्लोनला मोठी मागणी असते, कारण अस्सल दुर्मीळ गाडी रस्त्यावर नेण्यास मालक कचरतात.

मतभेद

मूळ इंजिन नसणे हा दोष मानावा काय, याविषयी संग्राहकांत एकमत नाही. वॉरंटीच्या काळात फुटलेल्या इंजिनाच्या जागी विक्रेत्याने कंपनीचेच नवे इंजिन बसवल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. शेव्हरोलेच्या अशा बदली इंजिनांवर सीई ही अक्षरे आढळतात. काहींच्या मते असे इंजिन हा गाडीच्या खऱ्या इतिहासाचा भाग असून ते लपवण्यासाठी क्रमांक पुन्हा ठोकणे म्हणजे खरा इतिहास पुसून खोटा लिहिणे होय. याउलट काही जीर्णोद्धारकांचा युक्तिवाद असा की, क्रमांक हा गाडीला कारखान्यातील स्थितीत नेणाऱ्या अनेक तपशिलांपैकी एक आहे. या युक्तिवादास जाहिरातीत उघड उल्लेखाची अट बहुतेक जण घालतात.

दुसरा मतभेद जीर्णोद्धार व जतन यांविषयी आहे. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिव्हा हिच्या ट्युरिन सनदेत ऐतिहासिक वाहनाच्या मूळ द्रव्याचे जतन आणि केलेल्या हस्तक्षेपांची नोंद यांवर भर दिला आहे. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेच्या अँटिक ऑटोमोबाइल क्लबच्या स्पर्धांत जीर्णोद्धार न झालेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग आहे. कारखान्यात कधीच नव्हती इतकी चकाकी देणाऱ्या जीर्णोद्धारास अस्सल म्हणावे काय, हा प्रश्न त्यातूनच पुढे आला. त्या काळी कारखान्यात रंग असमान लागत असे व पत्र्यांमधील फटी कमीअधिक असत. आरशासारखा रंग असलेली गाडी कारखान्यातून आली तशीच आहे, असे म्हणणे त्यामुळे काटेकोरपणे खरे ठरत नाही.

भारतातील संदर्भ

भारतात मसल कारचा बाजार अत्यल्प असला, तरी अस्सलतेची अट कायद्यात आली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेले दुचाकी वा चारचाकी वाहन व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. मात्र ते मूळ स्वरूपात असावे आणि त्याच्या चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. अशा वाहनांच्या क्रमांकात राज्याच्या संकेतानंतर व्हीए ही अक्षरे येतात. महाराष्ट्रात नोंदलेल्या वाहनाचा क्रमांक त्यामुळे एमएच व्हीए असा सुरू होतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये ठेवण्यात आले.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत वस्तूचे खोटे वर्णन करण्याबरोबरच महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणे याचाही समावेश आहे. मसल कारच्या व्यापारातील सर्वांत मोठी अडचण असलेले मौन या व्याख्येत थेट बसते. जुनी फियाट, जीप वा मोटारसायकल विकत घेणाऱ्यासही तपासाचा तोच क्रम उपयोगी पडतो: आधी चासी व इंजिनावरील क्रमांक नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहावेत, मग तारखांची सुसंगती पाहावी, आणि जाहिरातीतील प्रत्येक विशेषणासाठी विक्रेत्याकडे कागद मागावा.